बोनेटवर तळहात

सकाळचे पावणेसात. कोथरूडमधल्या एका सोसायटीचं पार्किंग. गाडीचा मालक चावी आणायला वर गेलाय. गाडी घेणारा पोरगा तिच्याभोवती प्रदक्षिणा घालतोय, मोबाइलवर फोटो काढतोय. मिस्त्री मात्र एकाच जागी उभे. उजव्या हाताचा तळवा त्यांनी बोनेटवर ठेवलाय, एखाद्याचा ताप पाहावा तसा. गार आहे. मग ते मान डोलावतात आणि पहिल्यांदा गाडीकडे नीट बघतात.

बोनेट कोमट लागलं असतं तर मिस्त्री चहा पिऊन परत गेले असते. "तुम्ही येणार म्हणून जरा फिरवून आणली," हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा ऐकलंय की आता त्यावर ते हसतही नाहीत. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचं इंजिन पहिल्या दहा सेकंदांत जे सांगतं, ते नंतर दिवसभर सांगत नाही. टायमिंग चेन सैल असेल तर तेल वर चढेपर्यंत खळखळ येते. व्हॉल्व्हचे सील गेले असतील तर रात्रीत झिरपलेलं तेल जळून निळसर धुराचा एक भपकारा येतो आणि विरून जातो. बॅटरी संपत आली असेल तर स्टार्टर कण्हतो. एकदा इंजिन तापलं की सगळी शहाण्यासारखी वागायला लागतात.

मिस्त्रींचं सिंहगड रोडच्या बाजूला गॅरेज आहे. पण गेली पंधराएक वर्षं त्यांचं नाव झालंय ते गाड्या बघण्यासाठी. पूर्वी बैल घ्यायला बाजारात जाताना जाणत्या माणसाला बरोबर नेत, तसं लोक त्यांना जुनी गाडी बघायला नेतात. त्यातही त्यांच्याकडे येणारी एक जमात वेगळी. वय तिशीच्या अलीकडे-पलीकडे, पगार बरा. नवी घ्यायची तर बजेटात साधी गाडी बसते, जुनी घ्यायची तर तेवढ्याच पैशात 'पळणारी' बसते. छोटीच, पण टर्बो बसवलेली, कडक सस्पेन्शनची, बाहेर लाल पट्टा आणि आत लाल शिलाई. या पोरांचे प्रश्न दोनच असतात. काका, ही धोका देणार नाही ना? आणि दुसरा, जरा खालच्या आवाजात: घरचे बसतील ना हिच्यात?

मिस्त्री स्वतः वाई तालुक्यातून १९९६ मध्ये पुण्यात आले ते नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानात पोऱ्या म्हणून. दुकानातून गॅरेजांना माल पोचवता पोचवता ते एका गॅरेजातच राहिले. २००१ मध्ये पॅलिओ आली, सचिन तेंडुलकर तिच्या जाहिरातीत होता. तिची १.६ लिटरची जीटीएक्स १०० हॉर्सपॉवरची होती. ज्या काळात छोटी गाडी म्हणजे झेन किंवा सँट्रो, त्या काळात हा आकडा ऐकून गॅरेजातली पोरं एकमेकांकडे बघायची. उस्ताद जेवायला गेले की ट्रायलच्या निमित्ताने ती कात्रजच्या जुन्या घाटात जाऊन यायची. आपल्याला त्या वयात कळलेली एकमेव गोष्ट म्हणजे पिकअप, असं मिस्त्री सांगतात. त्याच गाडीचे मालक मात्र पेट्रोल पंपावरच्या काट्याकडे बघत यायचे आणि दोन-तीन वर्षांत विकून मोकळे व्हायचे.

भारतात छोटी पळणारी गाडी ही जातच अल्पायुषी निघाली, आणि त्याला कारण बरंचसं सरकारी आहे. २००६ च्या अर्थसंकल्पाने चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंतच्या गाडीला करात सवलत दिली. त्यानंतर छोट्या गाडीत मोठं पेट्रोल इंजिन घालणं कंपन्यांना परवडेना. जोर हवा तर लहान इंजिनाला टर्बो लावणं हाच सोपा मार्ग उरला. २०१३ मध्ये आलेल्या पोलो जीटी टीएसआयचं इंजिन १.२ लिटरचं, जोर १०५ हॉर्सपॉवरच्या घरात, गिअरबॉक्स सात गिअरचा ड्युअल क्लच, आणि बनायची आपल्याच चाकणला. २०१५ मध्ये रांजणगावच्या कारखान्यातून अबार्थ पुंटो निघाली, १.४ लिटर टर्बो, १४५ हॉर्सपॉवर. हिने ती करसवलत सोडूनच दिली होती. २०१७ मध्ये बलेनो आरएस आली. २०१८ मध्ये टाटा आणि कोइमतूरच्या जेयेम यांनी मिळून टियागो जेटीपी काढली. एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा प्रदूषणाचा नियम लागू झाला आणि यातल्या बहुतेक गाड्या कंपन्यांनी त्या नियमात बसवण्याच्या फंदातच न पडता बंद केल्या. पोलोने नवं एक लिटरचं इंजिन आणि साधा सहा गिअरचा ऑटोमॅटिक घेऊन आणखी दोन वर्षं काढली. २०२२ मध्ये तीही थांबली.

म्हणजे आज कुणी 'पळणारी' शोधायला निघाला तर तो बहुतेक वेळा बंद पडलेल्या मॉडेलच्या दारात उभा असतो. खपल्याही थोड्याच, म्हणून भाव चढे. आणि मिस्त्रींच्या मते भरवशाचा अर्धा प्रश्न इथेच सुरू होतो, कारण गाडी बिघडते का हा प्रश्न लोक विचारतात. बिघडली तर पार्ट कुठून येणार, हा विचारत नाहीत. स्विफ्टचा लोअर आर्म कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतो. बलेनो आरएसचं पत्र्याचं आणि आतलं पुष्कळसं सामान साध्या बलेनोचंच आहे. इंजिनाचं सामान मधल्या काळात अवघड होतं, पण त्याच घराण्यातलं टर्बो इंजिन २०२३ मध्ये फ्रॉन्क्समध्ये परत आलं तेव्हा त्या मालकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. एखाद्या गाडीचं भाग्य असं दुसऱ्याच गाडीमुळे उजळतं. तिचं स्वतःचं कर्तृत्व त्यात काहीच नसतं.

म्हणून मिस्त्री गाडी बघायला जायच्या आधी घरी बसून पाच फोन करतात. नाना पेठेत दोन, कुर्ल्याला एक, भंगारवाल्याला एक आणि त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधल्या ओळखीच्या स्टोअरकीपरला एक. हेडलाइट, क्लच प्लेट, टर्बो, एबीएसचा सेन्सर, पुढचा बंपर: आहे का, किती दिवसांत, कितीला. ही पाच उत्तरं आल्याशिवाय ते गाडीचा फोटोसुद्धा बघत नाहीत. पोरांना हे कंटाळवाणं वाटतं. एकाने विचारलं होतं, "काका, गाडी बघायच्या आधीच ॲक्सिडेंट करताय का?"

ही शिस्त त्यांना उपजत नव्हती. सुरुवातीच्या दिवसांत ते घेणाऱ्याकडूनही पैसे घ्यायचे आणि विकणाऱ्या एजंटाकडूनही. हे सांगताना ते नजर चुकवत नाहीत. एजंट जाताना खिशात दोन हजार सरकवायचा. काही खोटं बोलायला लागायचं नाही. एखादी गोष्ट बोलायची नाही, एवढंच. अशीच एक १.६ पेट्रोल हॅचबॅक त्यांनी 'चांगली आहे' म्हणून पास केली. पुढचा उजवा ॲप्रन ठोकून सरळ केलेला त्यांनी पाहिला होता. काम सफाईदार होतं, इंजिन तर गाणं म्हणत होतं. आठ महिन्यांनी घेणारे गृहस्थ गॅरेजात आले. खंबाटकी घाट उतरताना ब्रेक मारला की गाडी उजवीकडे ओढते, पुढचे टायर आतून खाऊन तारा दिसायला लागल्यात. त्यांची बायको आणि लहान मुलगी गाडीतच बसून होती. कुणाला काही झालं नव्हतं.

मिस्त्रींनी त्या दिवशी पाकीट पुढे केलं. गृहस्थ म्हणाले, "याचा एक टायरसुद्धा येणार नाही हो." भांडले नाहीत, शिव्या दिल्या नाहीत. मुलीला शेजारच्या दुकानातून बिस्किटाचा पुडा घेऊन दिला आणि गेले. तेव्हापासून मिस्त्री पैसे फक्त घेणाऱ्याकडून घेतात, आणि गाडी घेतली काय न घेतली काय, फी तीच. 'घेऊ नका' म्हणायला माणूस मोकळा राहिला पाहिजे, त्यासाठी ही सोय.

आता ते एक छोटं यंत्र खिशात ठेवतात. रंगाची जाडी मोजणारा गेज. पत्र्याला टेकवला की मायक्रॉनमध्ये आकडा येतो. कंपनीचा रंग साधारण शंभर-दीडशेच्या आसपास असतो. एखाद्या दारावर तीनशे-चारशे दिसले तर खाली पुट्टी आहे. पुट्टी म्हणजे गुन्हा नव्हे, पुण्यात रिक्षाने घासली नाही अशी गाडी शोधायची तर शोरूमलाच जावं लागेल. पण दारावरची पुट्टी वेगळी आणि छताला आधार देणाऱ्या खांबावरची वेगळी. त्यानंतर टायर. कडेला चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. २०१७ ची गाडी, मीटर म्हणतो २६ हजार किलोमीटर, आणि चारही टायर २०२० चे? मग मूळचे टायर कुठे झिजले? ब्रेकच्या पेडलवरचं रबर, स्टिअरिंगवरची हात ठेवायची जागा, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड. मीटर मागे करणारा या तीन गोष्टी सहसा मागे करत नाही. विम्याच्या कागदावर नो क्लेम बोनस बघायचा. 'गाडीला आजवर ओरखडा नाही' म्हणणाऱ्याच्या कागदावर तिथे शून्य असेल तर ओरखडा बहुधा गेल्याच वर्षी आलेला असतो.

पुराच्या गाड्यांबद्दल ते थोडक्यातच बोलतात. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली बुडालं, त्याच वर्षी सप्टेंबरात पुण्यात आंबिल ओढ्याने गाड्या काड्यांसारख्या वाहून नेल्या, २०२१ मध्ये चिपळूण. अशा प्रत्येक पावसाळ्यानंतर दिवाळीच्या सुमाराला स्वस्त आणि लखलखीत धुतलेल्या गाड्या बाजारात येतात. एकीचं दार उघडल्यावर आतून मोगऱ्याचा असा घमघमाट आला की मिस्त्रींनी आधी सीटबेल्ट धरला आणि शेवटपर्यंत बाहेर ओढला. बेल्टच्या अगदी टोकाकडे, जिथे तो एरवी कधीच बाहेर येत नाही, तिथे चिखलाची बारीक तपकिरी रेघ होती. धुणाऱ्याने सीट काढून धुतल्या होत्या, कार्पेट बदललं होतं. बेल्ट ओढून बघायचं त्याला सुचलं नव्हतं.

पण हे सगळं कुठल्याही जुन्या गाडीला लागू आहे. 'पळणारी'ची गोष्ट निराळी होते ती तिच्या पहिल्या मालकामुळे. ही गाडी कुणी भाजी आणायला घेत नाही. ज्याने हौसेने घेतली त्याने हौसेने चालवलेली असते, आणि पुष्कळदा हौसेने 'सुधारलेली'ही असते. इंजिनाचा मॅप बदलून पंधरा-वीस हॉर्सपॉवर वाढवायचे, विकायच्या आदल्या आठवड्यात मूळ मॅप परत टाकायचा. कॉम्प्युटरमध्ये खूण राहो न राहो, क्लचला सगळं आठवत असतं. मिस्त्री चौथ्या गिअरमध्ये हजार-पंधराशेच्या फेऱ्यांवर एकदम पूर्ण ॲक्सिलरेटर देतात. आरपीएमचा काटा वर पळाला आणि गाडी मागे राहिली, की ते काही न बोलता वळून परत निघतात. स्कॅनर लावल्यावर 'एकही एरर नाही' दिसलं तर विकणारा खुश होतो. मिस्त्री मात्र पुढच्या पानावर जाऊन गाडीने आपल्या अंतर्गत तपासण्या पूर्ण केल्यात का ते बघतात. एकही पूर्ण नसेल तर कालच कुणीतरी पाटी पुसलेली असते.

आरामाचं मात्र त्यांना फार उशिरा कळलं, आणि ते शिकवलं एका आईने.

पंचविशीतला मुलगा, पहिली गाडी, हडपसरहून आला होता. गाडी दिसायला फोटोतल्यासारखी: जमिनीला टेकायला आलेली, सतरा इंची काळी व्हील. मिस्त्रींनी इंजिन तपासलं, उत्तम होतं. ट्रायलला निघताना मुलाची आई, जी इतका वेळ प्लॅस्टिकच्या खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, म्हणाली, "मीपण येते, मागे बसून बघते." मुलगा नको-नको करत होता. बाई मागे बसल्या. पहिला स्पीडब्रेकर, खाली खर्रकन घासलं. दुसरा तसाच. पेव्हर ब्लॉकच्या पट्ट्यावर त्यांच्या बांगड्या एकसारख्या वाजत राहिल्या. परत आल्यावर उतरताना त्यांना दार धरून दोनदा जोर करावा लागला. त्या म्हणाल्या, "गाडी छानच आहे रे. पण तुझे पप्पा हिच्यात बसले तर त्यांना उतरवायला शेजारचे बोलवावे लागतील." वडिलांचं मणक्याचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं होतं. मुलाने हे मिस्त्रींना सांगितलंच नव्हतं.

त्या दिवशी घरी येऊन मिस्त्रींनी कागदावर हिशेब मांडला, हा कागद अजून गॅरेजातल्या कॅलेंडरच्या मागे आहे. साध्या हॅचबॅकचा टायर १८५/६५. म्हणजे रुंदीच्या पासष्ट टक्के उंची: १२० मिलिमीटर रबर रिम आणि रस्त्याच्या मध्ये. कंपनीने स्पोर्टी गाडीला दिलेला १९५/५५: १०७. त्या पोराने पसंत केलेल्या गाडीला आधीच्या मालकाने घातलेला २०५/४५: ९२. वरच्या आकड्यापासून खालच्या आकड्यापर्यंत जवळजवळ तीन सेंटिमीटरची गादी कुणीतरी पैसे देऊन काढून घेतली होती. वर कापलेल्या स्प्रिंगा. स्प्रिंग आखूड झाली की शॉकअपला हलायला जागा उरत नाही, तो खड्ड्यात तळाला जाऊन आदळतो; आदळून आदळून त्याचा सील फुटतो, वरचं माउंटिंग फाटतं, लोअर आर्मचे बुश चुरतात, आणि तोच हादरा पुढे स्टिअरिंगच्या रॅकपर्यंत जातो.

इथे मिस्त्रींच्या डोक्यात एक गाठ सुटली. भरवसा आणि आराम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक मिळवायची तर दुसरी थोडी सोडावी लागते, असं ते इतकी वर्षं धरून चालले होते. गिऱ्हाईकही तसंच धरून चालतं. प्रत्यक्षात मागच्या सीटवर बसलेल्या बाईच्या बांगड्या जे सांगत होत्या, तेच सहा महिन्यांनी गॅरेजचं बिल सांगणार होतं. कंपनीने कडक बनवलेली गाडी आणि झिजून कडक झालेली गाडी यांचा धक्का वेगळा असतो. पहिलीचा एकच बसतो आणि संपतो. दुसरीचा बसतो, मग कुठेतरी काहीतरी हलतं, मग दार किरकिरतं. हा फरक पुढच्या सीटवर, हातात स्टिअरिंग आणि अंगात उत्साह असताना कळत नाही. म्हणून आता ट्रायलला मिस्त्री अर्धा वेळ मागे बसतात. डोळे मिटून. विकणाऱ्याला वाटतं म्हातारा झोपला.

ट्रायलचा त्यांचा रस्ताही ठरलेला असायचा: कोथरूडहून चांदणी चौकाचा चढ, वर गर्दीत पंधरा मिनिटं रखडायचं, मग खाली. चढावर पहिल्या गिअरमध्ये थांबून-निघून क्लचची परीक्षा व्हायची. २०२२ च्या ऑक्टोबरात जुना पूल पाडला, पुढच्या वर्षी नवे पूल सुरू झाले, आणि सगळं पुणं खुश असताना मिस्त्री एकटे हळहळले. गर्दीसाठी आता ते हिंजवडीला जातात. गर्दी लागतेच. ड्युअल क्लचचा गिअरबॉक्स म्हणजे आत दोन क्लच, एकाकडे १-३-५-७ गिअर, दुसऱ्याकडे २-४-६. मोकळ्या रस्त्यावर तो असा गिअर बदलतो की कळतच नाही. पण मुंगीच्या गतीने सरकताना क्लच अर्धा लागलेला, अर्धा सुटलेला राहतो, आणि तेलात न बुडालेला, कोरडा असेल तर तापतो. चाळीस मिनिटांनी पहिल्यातून दुसऱ्यात जाताना गाडीच्या अंगावर शहारा येतो. दहा मिनिटांच्या ट्रायलमध्ये हा शहारा कधीच दिसत नाही.

अशी एक गाडी बघताना बाणेरच्या एका जोडप्याला मिस्त्रींनी स्वच्छ सांगितलं होतं, घेऊ नका. ६२ हजार चाललेली, क्लच थकलेला. त्या दोघांनी मिस्त्रींचं म्हणणं शांतपणे वहीत उतरवून घेतलं, क्लच बदलायला किती लागतील ते दोन ठिकाणी विचारलं, तेवढी रक्कम भावातून पाडून घेतली आणि गाडी घेतली. पहिल्याच महिन्यात काम करून टाकलं. चार वर्षं झाली, ती गाडी मिस्त्रींकडे फक्त तेल बदलायला येते. दोघं तिच्यातून तीनदा गोव्याला जाऊन आलेत. मिस्त्री हे मुद्दाम सांगतात, कारण यात ते चुकले होते. त्यांनी दोष बघितला आणि गाडी टाकून दिली. त्या दोघांनी दोषाची किंमत काढली. माहीत असलेला खर्च आणि माहीत नसलेला खर्च हे मिस्त्रींच्या तोंडी एकाच शब्दात यायचे: 'लफडं'. आता ते त्यांना वेगळं करून सांगतात, आणि 'घ्या-नको' म्हणायच्या ऐवजी एका कागदावर आकडे लिहून देतात.

त्यांची स्वतःची गाडी हा मात्र वेगळाच अध्याय. तिचं नाव सांगायला ते तयार नाहीत, जुन्या प्रेमाची नावं चारचौघांत घेऊ नयेत म्हणतात. छोटी, टर्बो पेट्रोल, मॉडेल बंद झालेलं. २०१९ च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी गिऱ्हाइकासाठी दुसरीच गाडी बघायला गेले असताना ही शेजारच्या शेडमध्ये ट्यूबलाइटखाली उभी दिसली. विकणारा नुकताच तिच्यातून आला होता, बोनेट तापलेलं. पाऊस कोसळत होता, पत्रा ओला. पाच फोन केले नाहीत. मागे बसून पाहिलं नाही. बाहेरच्या रस्त्यावर एकदा तिसऱ्या गिअरमध्ये दाबली, टर्बोची शीळ ऐकली, आणि परत येऊन टोकन दिलं. बावीस वर्षं गॅरेजात घालवलेल्या माणसाने.

पुढच्या वर्षी एक सेन्सर गेला. हाताच्या बोटाएवढा. इथे नाही, कुर्ल्याला नाही. ४७ दिवस गाडी गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्री पांघरून उभी होती आणि येणारं प्रत्येक गिऱ्हाईक विचारायचं, ही कुणाची? मिस्त्री म्हणायचे, एका गिऱ्हाइकाची आहे. शेवटी अपघात झालेल्या तसल्याच एका गाडीतून तो सेन्सर काढलेला मिळाला. त्यांची बायको त्या गाडीत बसते ती पाठीमागे उशी घेऊन, आणि खड्डा आला की खड्ड्याला नव्हे, मिस्त्रींना बोलते. तीन वर्षांत त्यांनी पुढचे शॉकअप बदलले, सगळे बुश बदलले, टायर मूळ मापाचे घातले. गाडी खरोखर मऊ झाली. उशी मात्र राहिली.

गेल्या वर्षी मुलीचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी ती विकायला काढली. जुन्या गाड्या घेणाऱ्या एका कंपनीचा मुलगा तपासायला आला. बावीस-तेवीसचा, पायात पांढरे बूट, हातात टॅब. मिस्त्रींनी आदल्या रात्रीपासून गाडीला हात लावला नव्हता, इंजिन गारढोण. मुलाने बोनेटला हातही लावला नाही, सरळ सुरू केली. मिस्त्रींना त्याची थोडी कीव आली. त्यांनी स्वतःहून सगळं सांगितलं: सेन्सर, शॉकअप, क्लच केव्हा केला. कागदांची फाइल दिली. "आणि ॲक्सिडेंट नाही," ते म्हणाले. "पूर्ण ओरिजिनल पेंट आहे."

मुलगा गेज घेऊन गाडीभोवती फिरला. १२०. ११५. १३०. डाव्या बाजूला मागच्या चाकाच्या वर त्याने एकदा लावला, टॅबकडे बघितलं, मग बोटभर सरकवून पुन्हा लावला. "काका, इथे काम झालंय."

"होणं शक्य नाही."

मुलगा काही बोलला नाही. मिस्त्री गुडघ्यावर बसले. पाच वर्षं त्यांनी ही गाडी आठवड्याला स्वतःच्या हाताने पुसली होती. आता तिरप्या उन्हात बघितलं तर चाकाच्या कमानीपाशी रंगाची साय जरा संत्र्याच्या सालीसारखी दिसत होती, त्यांनी दुसऱ्यांना शेकडो वेळा दाखवली होती अगदी तशी. त्यांनी आत जाऊन ड्रॉवरमधून आपला गेज आणला. बॅटरी काढून परत घातली, शेजारच्या दारावर लावून आकडा बरोबर येतोय ना ते पाहिलं. मग कमानीवर टेकवला.

४१२.

"किती कमी करणार?" त्यांनी विचारलं.